‘इमारत’ आणि देखभाल : प्रकल्प व्यवस्थापनाच्या अध्यापनासाठी इंदूरच्या वस्ती-सुधार प्रकल्पाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

कम्युनिटी कॉलेजांच्या व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांत ‘प्रकल्प व्यवस्थापन व गटनेतृत्व’ हा घटक आता रुळला आहे. बांधकामावरील पर्यवेक्षक, रुग्णालयातील सहायक, छोट्या कारखान्यातील फोरमन अशा कामांसाठी तयार होणारे विद्यार्थी तो शिकतात. व्याप्ती, मुदत, खर्च आणि गुणवत्ता या संज्ञा ते पाठ करतात, गँट तक्ता काढतात, गटाच्या विकासाचे टप्पे क्रमाने लिहितात आणि उत्तीर्ण होतात. शिकवणाऱ्यांपैकी अनेकजण मूळचे भाषा, वाणिज्य किंवा समाजशास्त्र या विषयांचे असतात. त्यामुळे पुस्तकातील उदाहरणे जशीच्या तशी वर्गात येतात. ती बहुधा परदेशातील पूल, विमानतळ किंवा संगणक-प्रणाली यांची असतात. आपल्या विद्यार्थ्याच्या गल्लीतील गटार त्यांत कोठेच नसते.

प्रस्तुत लेखात या अध्यापनाची एक उणीव दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरण इंदूरचेच घेतले आहे. १९८९ च्या सुमारास सुरू झालेला येथील वस्ती-सुधार प्रकल्प जगभर नावाजला गेला आणि त्याच प्रकल्पावर अत्यंत कठोर टीकाही झाली. ही दोन्ही मते जवळजवळ ठेवून वाचली, तर आपण शिकवत असलेल्या ‘यशस्वी प्रकल्प’ या कल्पनेतच काय गाळले गेले आहे ते स्पष्ट होते. लेखकाचा विषय भाषा हा आहे, अभियांत्रिकी नव्हे. त्यामुळे येथे तांत्रिक निवाडा करण्याचा हेतू नाही. संज्ञांची आणि मांडणीची तपासणी एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

व्याख्येतील अडचण

आधुनिक प्रकल्प व्यवस्थापनाची बहुतेक परिभाषा विसाव्या शतकातील आहे. हेन्री गँट यांचे तक्ते १९१० च्या दशकातले. ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत आणि ‘पर्ट’ पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमात आकाराला आली. ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या मार्गदर्शक ग्रंथाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. आपल्याकडील बहुतेक क्रमिक पुस्तके प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे याच ग्रंथावर उभी आहेत.

या परंपरेत प्रकल्प म्हणजे विशिष्ट फलितासाठी हाती घेतलेले तात्पुरते काम. त्याला आरंभ आणि शेवट असतो. जे रोज चालते, पुन्हा पुन्हा करावे लागते, ते ‘परिचालन’. ते प्रकल्पात मोडत नाही. ही विभागणी उपयोगाची आहे हे मान्य केले पाहिजे. तिच्यामुळे जबाबदारी निश्चित होते, हिशेब वेळेवर बंद होतो, काम रेंगाळत नाही. परंतु वर्गात ही विभागणी शिकवताना एक दुष्परिणाम होतो. ‘शेवट’ म्हणजे उद्घाटन, आणि त्यानंतरचे सारे दुसऱ्या कोणाचे तरी काम, असे विद्यार्थी समजून बसतो. मुदतीत आणि अंदाजपत्रकात काम झाले की प्रकल्प यशस्वी, असे उत्तर तो लिहितो आणि आपण त्याला पूर्ण गुण देतो.

याच ग्रंथाची २०२१ ची सातवी आवृत्ती या दोषाची काही प्रमाणात दखल घेते. सहाव्या आवृत्तीतील ४९ प्रक्रियांची चौकट मागे ठेवून ती १२ तत्त्वांवर भर देते आणि फलितापेक्षा त्यातून मिळणाऱ्या मूल्याकडे लक्ष वेधते. वर्गात मात्र हा बदल अजून फारसा उतरलेला दिसत नाही. आपण अद्याप मुदत, खर्च आणि व्याप्ती यांच्या त्रिकोणातच आहोत.

इंदूरचा प्रकल्प : मूळ कल्पना

इंदूर शहर खान आणि सरस्वती या दोन छोट्या नद्यांच्या काठी वसले आहे. गिरण्यांच्या काळापासून येथे कामगार येत राहिले आणि ज्यांना जमीन परवडली नाही ते नदीनाल्यांच्या काठांवर राहिले. परिणामी शहरातील बहुतेक झोपडवस्त्या नैसर्गिक उताराच्या वाटेवर आहेत.

अभियंता हिमांशु पारीख यांनी याच गोष्टीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. पाणी जिकडे वाहते तिकडेच वस्त्या असतील, तर शहराच्या मलवाहिन्या टाकण्याची सर्वांत सोयीची वाटही तीच. वस्त्यांना शहरापासून वेगळे काढून सार्वजनिक संडास आणि नळकोंडाळी देण्याऐवजी त्यांना शहराच्या जाळ्यातच जोडावे. वस्ती सुधारता सुधारता सगळ्या शहराची मलनिस्सारण व्यवस्था उभी राहील आणि नद्याही स्वच्छ होतील, अशी ही कल्पना होती. म्हणून तिला ‘स्लम नेटवर्किंग’ असे नाव मिळाले. घरोघरी स्वतंत्र शौचालय आणि त्याला मलवाहिनीची जोडणी, घरांच्या जोत्यापेक्षा खाली ठेवलेले पक्के रस्ते म्हणजे पावसाचे पाणी रस्त्यावरूनच वाहून जाईल, दिवे, पाण्याच्या वाहिन्या, झाडे असे तिचे घटक होते. ब्रिटिश सरकारच्या परदेशी विकास खात्याचे आर्थिक साह्य होते आणि अंमलबजावणी इंदूर विकास प्राधिकरणाकडे होती. प्रकल्पाच्या वर्णनात १८३ वस्त्या आणि सुमारे साडेचार लाख लोकसंख्या असे आकडे येतात.

ही कल्पना तेजस्वी होती यात शंका नाही. गरीब वस्ती हा शहरावरचा भार नसून शहर सुधारण्याची संधी आहे, असे म्हणणारा प्रकल्प त्या काळी विरळाच होता.

दोन वाचने

पहिले वाचन पुरस्काराचे. आगा खान वास्तुकला पुरस्कार १९७७ मध्ये सुरू झाला. मुस्लिम समाजांच्या जीवनाशी निगडित बांधकामांचा तो गौरव करतो, परंतु त्याची नजर केवळ देखण्या वास्तूंवर नसते. इंदूरला तो दोनदा लाभला. बाळकृष्ण दोशी यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या अरण्य वसाहतीला १९९५ मध्ये आणि ‘स्लम नेटवर्किंग’ला १९९८ मध्ये. १९९८ च्या मानकऱ्यांत भोपाळचे विधान भवन आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यातले कुष्ठरुग्णालयही होते. म्हणजे त्या वर्षी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या पदरात मोठा वाटा पडला. परीक्षकांनी इंदूरच्या प्रकल्पात लोकसहभाग, नद्यांची सुधारणा आणि संपूर्ण शहराचा विचार यांची प्रशंसा केली.

दुसरे वाचन नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांचे. २००० साली ‘हॅबिटॅट इंटरनॅशनल’ या नियतकालिकात त्यांनी या प्रकल्पावर लेख लिहिला. प्रकल्प यशस्वी की अयशस्वी, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. पुढे २००२ मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केलेल्या ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकातही त्यांनी हा विषय घेतला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, पुरस्कारांच्या कागदांत जे शहर दिसते ते जागेवर सापडत नाही. मलवाहिन्या तुंबतात, सगळी घरे जोडलेली नाहीत, देखभाल होत नाही आणि लोकसहभाग हा बव्हंशी अहवालांतला शब्द आहे. मलवाहिन्यांना वाहते ठेवायला भरपूर पाणी लागते. नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून उपसून आणणाऱ्या आणि एक दिवसाआड नळ सोडणाऱ्या शहरात ते गरीब वस्तीला कोठून मिळणार, हा साधा प्रश्न येथे उभा राहतो.

एकाच प्रकल्पाची ही दोन चित्रे. यांपैकी खरे कोणते, असे विद्यार्थी विचारतील. पण त्याआधी विचारण्यासारखा प्रश्न असा की, हे दोघे नेमके काय मोजत होते?

पुरस्काराने कल्पना आणि उभारणी मोजली. रस्ता झाला, वाहिनी टाकली, दिवा लागला. हे घडले होतेच. चिखलाऐवजी पक्का रस्ता आणि अंधाराऐवजी उजेड याचे मोल तेथे राहणाऱ्या बाईला विचारावे. ते कमी लेखण्याचे कारण नाही. वर्मा यांनी त्या वाहिनीचे पुढे काय झाले ते मोजले. पहिल्या वाचनात प्रकल्प हे नाम आहे, दुसऱ्यात ते क्रियापद आहे. वर्मा यांच्या टीकेलाही मर्यादा आहे. कोणतीही पाहणी एका ठरावीक काळाची असते आणि त्या काळातील अपयशावरून मूळ कल्पनाच त्याज्य ठरत नाही. पुढे अहमदाबादेत हीच कल्पना राबवताना कुटुंबांकडून दोन हजार रुपयांचा वाटा घेण्यात आला आणि स्वयंसेवी संस्थांना आरंभापासून बरोबर घेतले गेले. इंदूरच्या अनुभवातून काहीतरी शिकले गेले, असे यावरून म्हणता येते. तरीही वर्मा यांचा प्रश्न शिल्लक राहतो आणि आपल्या वर्गासाठी तोच अधिक मोलाचा आहे.

संज्ञांच्या कसोटीवर

आता आपण शिकवतो त्या संज्ञा घेऊन या प्रकल्पाकडे पाहू.

पहिली संज्ञा परस्परावलंबन. गँट तक्त्यात एका कामावर दुसरे काम अवलंबून असल्याचे आपण बाणाने दाखवतो. मलवाहिनीच्या बाबतीत हा बाण जमिनीतच असतो. पाणी खाली वाहते, म्हणून खालची मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरणाची सोय आधी हवी, गल्लीतली वाहिनी नंतर. क्रम उलटला किंवा खालचा टप्पा अपुरा राहिला, तर वर कितीही चोख काम झाले असले तरी मैला अडतो, परततो किंवा नदीत जातो. वस्तीपुरते काम मुदतीत झाले आणि तरी जाळे अपुरे राहिले, हे त्रिकोणाच्या हिशेबात यश आहे. रहिवाशांच्या हिशेबात नाही.

दुसरी संज्ञा हितसंबंधी घटक. वाहिन्या टाकल्या विकास प्राधिकरणाने. त्या सांभाळायच्या होत्या इंदूर महानगरपालिकेने. बांधणारी संस्था एक आणि सांभाळणारी दुसरी, ही आपल्या नगरव्यवस्थेतील नेहमीची रचना आहे. अशा वेळी सांभाळणारी संस्था आराखड्याच्या पहिल्या बैठकीला हजर असावी लागते. तिच्याकडे माणसे किती, यंत्रे कोणती, वार्षिक तरतूद किती, हे विचारूनच वाहिनीचा प्रकार ठरवावा लागतो. एरवी शेवटच्या दिवशी होते ते केवळ कागदी हस्तांतर. उर्दूत याला ‘सुपूर्दगी’ असा शब्द आहे आणि त्यात विश्वासाने सोपवण्याचा अर्थ आहे. घेणाऱ्याला आपण काय घेतले हे ठाऊक नसेल, तर सुपूर्दगी झालीच नाही.

तिसरी संज्ञा ‘लाभार्थी’. विकासाच्या मराठीत हा शब्द इतका मुरला आहे की त्याचे व्याकरण आपल्या लक्षात येत नाही. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. तो मागतो, घेतो, ठरवत नाही. रहिवाशाला एकदा लाभार्थी म्हटले की जोडणीचा खर्च त्याला परवडेल का, शौचालयासाठी घरात जागा आहे का, पाणी किती येते, हे प्रश्न व्याप्तीच्या बाहेर जातात. वाहिनी दारापर्यंत येते आणि उंबऱ्याबाहेर थांबते.

गटनेतृत्वाचा धडा

गटनेतृत्व शिकवताना आपण ब्रूस टकमन यांची मांडणी सांगतो. गट जमतो, त्यात खटके उडतात, रीती ठरतात, मग काम होते, असे चार टप्पे त्यांनी १९६५ मध्ये सांगितले आणि १९७७ मध्ये विसर्जनाचा पाचवा टप्पा जोडला. ही मांडणी वरील प्रकल्पाला लावून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. अभियंते आणि अधिकारी यांचा गट पाचही टप्प्यांतून गेला. ज्यांना तुंबलेली वाहिनी मोकळी करायची होती, त्यांचा गट मात्र त्या मांडणीत कधी जमलाच नाही.

याउलट इंदूरच्याच इतिहासात नेतृत्वाचा एक वेगळा प्रसंग आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने बोलावले होते. त्यांचा इंदूरवरील अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. त्याआधीच्या वर्षी शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांच्या चरित्रांतून येणारी हकिगत अशी की, त्यांनी दरबाराकडून एका दिवसापुरते अधिकार मागून घेतले आणि दिवाळीला मोठी मिरवणूक काढली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार हे आधी सांगितले नाही. जो भाग सर्वांत स्वच्छ होईल तेथून ती जाईल, एवढेच जाहीर केले. कचरा उचलून नेण्याची सोय दरबाराने केली. मोहल्ले आपापली घरे व गल्ल्या झाडू लागले. मिरवणुकीत सफाई कामगार नवे पांढरे कपडे घालून मानाने चालले आणि रोगराईच्या प्रतिमेचे दहन झाले.

या प्रसंगात आपल्या विद्यार्थ्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नेत्याने हुकूम सोडला नाही, चढाओढीला वाट करून दिली. ज्यांच्या हाताने काम होते त्यांना त्याने मागे न ठेवता पुढे आणले. लोकांना परिचित असलेला सण त्याने वापरला, नवा समारंभ शोधला नाही. परंतु येथेही तोच प्रश्न विचारला पाहिजे, मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी काय? एक दिवसाचे अधिकार एका दिवसानंतर संपतात. उत्साह उभा करणे हे नेतृत्वाचे अर्धे काम आहे.

‘इमारत’ : एक शब्द, दोन मुळे

देखभालीचा विचार आपल्या परंपरेत नव्हता असे नाही. तो शब्दांत आणि कायद्यात होता.

उर्दूत ‘इमारत’ असे दोन शब्द आहेत. एक ‘ऐन’ या अक्षराने लिहिला जातो. त्याच्या मूळ अरबी धातूत केवळ बांधण्याचा अर्थ नाही. वस्ती करणे, आबाद ठेवणे, दुरुस्तीत ठेवणे हेही त्यात आले. ‘तामीर’, ‘मामूर’ आणि आयुष्य या अर्थाचा ‘उम्र’ हे त्याच धातूचे शब्द. दुसरा ‘इमारत’ अलिफने लिहिला जातो. त्याचे मूळ हुकमाशी संबंधित असून ‘अमीर’ आणि ‘उमराव’ त्याच कुळातले. त्याचा अर्थ नेतृत्व, सरदारी. देवनागरीत हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. मराठीने त्यांतला पहिला घेतला आणि त्याचाही अर्धाच अर्थ ठेवला. आपली इमारत म्हणजे भिंती आणि छत. तिला आबाद ठेवण्याचा अर्थ वाटेत गळून पडला.

इस्लामी फिक्हमध्ये मात्र तो अर्थ जिवंत आहे. वक्फच्या प्रकरणात हनफी पंथाचा ‘हिदाया’ हा प्रमाणग्रंथ स्पष्टपणे सांगतो की, वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्याच्या इमारतीवर, म्हणजे दुरुस्ती व देखभालीवर करावा. देणाऱ्याने तशी अट लिहिली असो वा नसो. लाभ घेणाऱ्यांचा वाटा त्यानंतर. यामागील तर्क सरळ आहे. वस्तू टिकली नाही तर लाभ कोठून येणार? मुतवल्ली हा येथे मालक नसतो. ज्याच्याकडे वस्तू अमानत म्हणून आहे असा तो जबाबदार माणूस असतो. आजच्या परिभाषेत सांगायचे तर परिचालनाचा खर्च, त्याचा स्रोत आणि जबाबदार व्यक्ती या तिन्ही गोष्टी प्रकल्पाच्या पहिल्याच कागदात आहेत.

माळव्यात याला समांतर असे दुसरे उदाहरण आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्यकारभार केला आणि काशीपासून गयेपर्यंत देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या. या कामांमागे होळकरांची ‘खासगी’ होती. खासगीच्या जमिनींच्या उत्पन्नातून दूरदूरच्या धर्मादाय संस्थांचा नित्य खर्च चालत असे. बांधकाम आणि नेमणूक या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या जात. वक्फ आणि खासगी यांचे धर्म वेगळे, कायदे वेगळे. पण व्यवस्थापनाचे तत्त्व एकच दिसते.

ही परंपरा सांगताना आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशात ४.९ लाखांहून अधिक नोंदलेल्या वक्फ मालमत्ता होत्या, त्यांची जमीन सुमारे सहा लाख एकर होती आणि वार्षिक उत्पन्न मात्र अवघे १६३ कोटी रुपयांच्या आसपास होते. म्हणजे पुस्तकी किमतीच्या सुमारे २.७ टक्के. दुरुस्ती आधी, हा नियम ग्रंथात आहे, भिंतीवर नाही. आपल्या शिक्षणसंस्थाही याला अपवाद नाहीत. एका संस्थेतील संगणक कक्षाचे उद्घाटन मोठ्या थाटात झालेले मी पाहिले आहे. दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. दोन वर्षांनी कक्षाला कुलूप होते, कारण दुरुस्तीसाठी कोणत्याच शीर्षकाखाली तरतूद नव्हती. पाटी अजून स्वच्छ पुसली जाते.

अलीकडचा अनुभव

इंदूरची गोष्ट १९९८ मध्ये संपत नाही. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ मध्ये हे शहर २५ व्या क्रमांकावर होते. २०१७ मध्ये ते पहिले आले आणि २०२३ पर्यंतच्या सलग सात सर्वेक्षणांत पहिले राहिले. २०२३ मध्ये सुरतेसह. यामागे एखादे भव्य बांधकाम नव्हते. घरोघरी रोज येणारी गाडी, तिचा ठरलेला रस्ता आणि वेळ, घरातच वेगळा केलेला ओला-सुका कचरा, रात्रीची झाडलोट, रस्त्यांवरून हटवलेल्या कचराकुंड्या अशा नित्याच्या गोष्टींचा तो परिणाम होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे सुरू झालेला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता असलेला बायो-सीएनजी प्रकल्पदेखील घराघरातल्या वर्गीकरणावरच अवलंबून आहे. स्वयंपाकघरात चूक झाली तर कारखान्यात वायू तयार होत नाही.

येथे शहराने शेवट नसलेले काम शिकून घेतले, असे म्हणता येईल. तरी क्रमांक हाही एक पुरस्कारच आहे, हे विसरता कामा नये. सर्वेक्षण डोळ्यांना दिसणारा रस्ता सहज मोजते. जमिनीखालची वाहिनी आणि गाडीवरच्या कामगाराचे आरोग्य मोजणे अवघड असते. गीता दिवाण वर्मा यांचा प्रश्न आजच्या यशालाही तितकाच लागू आहे.

वर्गासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून अध्यापनात तीन बदल सुचवावेसे वाटतात. त्यांसाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही.

पहिला, गँट तक्ता उद्घाटनापाशी थांबवू नये. विद्यार्थ्यांना उद्घाटनाच्या तारखेची उभी रेघ काढायला सांगावी आणि तिच्या पलीकडे आणखी पाच वर्षांच्या पट्ट्या काढून घ्याव्यात. प्रत्येक पट्टीवर काम, करणारा आणि पैशांचा स्रोत लिहिला पाहिजे. समजा, कॉलेजात साठ हजार रुपयांचे थंड पाण्याचे यंत्र बसवायचे आहे आणि त्याची गाळणी, वीज व साफसफाई यांवर वर्षाला बारा हजार खर्च येतो. पाच वर्षांत देखभालीचा खर्च मूळ किमतीइतका होतो. एवढे एक गणित फळ्यावर मांडले की ‘खर्च’ ही संज्ञा बदलते. हेच गणित मशिदीच्या वजूखान्याला किंवा वसतिगृहाच्या शौचालयाला लावून पाहता येईल.

दुसरा, गटनेतृत्वाच्या प्रात्यक्षिकात दोन गट करावेत. एका गटाने काम उभारायचे, दुसऱ्याने ते महिनाभर चालवायचे. गुण दोन्ही गटांना मिळून द्यावेत आणि ते महिनाअखेरीच्या स्थितीवर द्यावेत. उभारणारा गट चालवणाऱ्या गटाला पहिल्याच दिवशी बोलावू लागेल. हितसंबंधी घटकांची व्याख्या त्याला वेगळी पाठ करावी लागणार नाही.

तिसरा, एकाच प्रकल्पाची दोन परस्परविरोधी वर्णने विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि प्रत्येकजण काय मोजतो ते शोधून काढायला सांगावे. इंदूरचा प्रकल्प यासाठी उत्तम आहे. आपल्या गावातली पाणीयोजना, बाजारपेठ किंवा शाळेची नवी वास्तूही चालेल. विद्यार्थ्याने तेथे प्रत्यक्ष जाऊन, जो माणूस झाडू किंवा पाना घेऊन उभा आहे त्याच्याशी बोलले पाहिजे.

समारोप

आपले बरेचसे विद्यार्थी अशाच वस्त्यांतून येतात ज्यांच्यावर प्रकल्प राबवले जातात. उद्या त्यांतले काही पर्यवेक्षक होतील, काही ठेकेदाराकडे काम करतील, काही एखाद्या अंजुमनच्या किंवा नगरपालिकेच्या समितीवर बसतील. मुदत, खर्च आणि व्याप्ती एवढेच त्यांना शिकवले, तर ते उद्घाटनापर्यंतचे व्यवस्थापक होतील. गल्ली त्यांना लाभार्थी म्हणूनच दिसेल, जरी ती त्यांची स्वतःची असली तरी.

गटनेत्याची परीक्षा फीत कापण्याच्या दिवशी होत नाही. तो निघून गेल्यावर काम कोणाच्या हाती आहे, त्या हाताला काय दिले आहे आणि बिघाड झाला तर पहिल्यांदा कोणाला कळेल, यावर ती होते. अलिफची इमारत म्हणजे नेतृत्व आणि ऐनची इमारत म्हणजे बांधून आबाद ठेवणे. लिपीने हे दोन शब्द आपल्यापुरते एक केलेच आहेत; अभ्यासक्रमातही ते एकत्र आणणे आपल्या हाती आहे.